नाव घालायची जागा

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की माझा फोन पहाटेपासून सुरू होतो. रिक्षा, दोन भोंगे, अँप्लिफायर, बॅटरी आणि पेनड्राइव्हमध्ये गाणं. वाळवा तालुक्यात माझं साउंडचं दुकान आहे. तीस वर्षांत मी सगळ्या पक्षांचा, सगळ्या आघाड्यांचा आणि डिपॉझिट घालवणाऱ्या अपक्षांचाही आवाज मोठा करून दिलाय. भाडं आगाऊ घेतो, एवढीच माझी विचारधारा.

प्रचाराचं गाणं कसं तयार होतं ते आधी सांगतो. तालुक्याच्या गावी एक पोरगं दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून रेकॉर्डिंग करतं. त्याच्याकडं सात-आठ ट्रॅक कायम तयार. ढोलकी, हलगी, पोरांचा कोरस, सगळं भरलेलं. फक्त नावाची जागा मोकळी. आमच्याकडचे पुढारी आबा, नाना, भाऊ, दादा असेच असतात, सगळे दोन अक्षरी, त्यामुळं कुणाचंही नाव घाला, चालीला धक्का लागत नाही. चिन्हाची ओळ तेवढी नव्यानं म्हणून घ्यायची. दीड हजार रुपये, अर्ध्या तासाचं काम.

एका निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी एकमेकांच्या नकळत एकच ट्रॅक उचलला. रिक्षा दोन्ही माझ्याच. तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं त्या समोरासमोर आल्या. एकीतनं आबा, दुसरीतनं नाना, बाकी शब्दाला शब्द तेच, फक्त एका कडव्याच्या फरकानं. पारावरची म्हातारी माणसं डोळ्याला पाणी येईस्तोवर हसली. त्यातला एक म्हणाला, "आता मत बी निम्मं निम्मं देऊन टाकतो."

मीही हसलो. पण रात्री केबल गुंडाळताना आप्पांची आठवण झाली आणि मग काही हसू आलं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, झीलकरी होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहीर पुढं उभा राहून ओळ म्हणतो आणि त्याच्या मागं तुणतुणं, झांज घेऊन उभे असलेले दोघं-तिघं त्या ओळीचं शेपूट वर उचलून धरतात, जी जी रं जी करत. ती झील. शाहिराला श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गाणं झीलकऱ्याच्या खांद्यावर असतं. नाव शाहिराचं होतं, फेटा शाहिराला मिळतो, झीलकऱ्याला जेवणाच्या पंगतीत शेवटी वाढतात. १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारात, आप्पा अठरा-एकोणीस वर्षांचे असताना तालुकाभर सायकलवरून झील धरत फिरले. मानधन काही नाही. एका गावी सगळ्यांना गुळाची ढेप मिळाली होती, ती त्यांनी आमच्या आजीला आणून दिली, हे मात्र ते मरेपर्यंत सांगत.

त्यांचं तुणतुणं अजून दुकानात मिक्सरच्या वरच्या फळीवर आहे. वीतभर लाकडी नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं मढवलेलं, बाजूला बांबूची काठी आणि तिच्या टोकाला खुंटी. तार एकच. ती तुटून वर्षं झाली. खुंटी सैल होऊ नये म्हणून आप्पांनी तिला खडूचा हात दिलेला, त्याचा पांढरा डाग अजून आहे. एका तारेवर सूर एकच निघतो, पण रात्रभर तो हलू द्यायचा नाही, हे आप्पांचं काम.

आमच्या दुकानात संध्याकाळी एक सर येतात. मराठीचे शिक्षक होते, आता निवृत्त. चहा माझा, विषय त्यांचा. त्यांचं मत ठाम आहे: प्रचार आला की कला गेली. फडके आणि खांडेकरांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद ते असा सांगतात जसा काल कट्ट्यावर झाला. सर फडक्यांच्या, म्हणजे कलेसाठी कला या बाजूचे. त्या रिक्षांचा किस्सा ऐकून ते म्हणाले, "बघ, हेच म्हणतो मी. राजकीय गाणं म्हणजे नाव घालायची मोकळी जागा. आज हा, उद्या तो."

मी त्यांना विचारलं, "मग 'माझी मैना'चं काय करायचं?"

अण्णाभाऊ साठ्यांचं गाव वाटेगाव, आमच्याच तालुक्यातलं. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. शाळा दीड दिवसाची. दुष्काळानं आणि जातीनं हाकललेलं कुटुंब पायी मुंबईला गेलं, पोरगं तिथं पडेल ते काम करत गिरणीपर्यंत पोचलं आणि कम्युनिस्ट झालं. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. नावातच बावटा आहे, लपवाछपवी नाही. ही माणसं प्रचारच करत होती आणि तसं छातीवर हात ठेवून सांगतही होती. तमाशा सुरू करताना गणपतीचा गण म्हणायची रीत. अण्णाभाऊंनी तिथं मायभूला आणि शिवबाला वंदन घातलं. आप्पांच्या पथकानंही तेच धरलं, तेव्हा एका गावी म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, की गणपतीचं नाव नाही घेतलं आणि आता पाऊस आला तर? पाऊस आला म्हणे. आप्पा म्हणायचे, "आला, पर कुणी उठलं न्हाई."

'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढं शंभरावर माणसं गेली, १ मे १९६० ला राज्य झालं, हे सगळं आपण शाळेत शिकलो. या लावणीत काय आहे? एक माणूस गरिबीपायी बायकोला गावाकडं ठेवून मुंबईला निघालाय. पहाटेची वेळ, भाकरतुकडा बांधलेला, ती गावाच्या शिवेपर्यंत सोडायला आलीय. तो तिला हसवायला बघतो, शिंदेशाही तोड्यांची, कोल्हापुरी साजाची वचनं देतो. ती हसत नाही. हात वर करून उभी राहते. मग मुंबई येते, बेकारांची गर्दी येते, फाउंटनची चळवळ येते आणि शेवटी तो सांगतो की माझ्या मैनेची माझी जशी भेट नाही, तीच गत या तुटलेल्या महाराष्ट्राची झालीय. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांकडं.

सर म्हणाले, "पहिला भाग कविता आहे, शेवट जाहीरनामा."

सर शिकलेले, मी बारावी नापास. पण ती लावणी मी मिक्सरमागं बसून शंभरदा तरी ऐकली असेल आणि आप्पांच्या तोंडून त्याहून जास्त. एक गोष्ट कान देऊन ऐका. ती बायको कशी दिसते, तिचा निरोप कसा घेतला हे सांगताना जवळजवळ प्रत्येक तुकडा 'ची'वर येऊन टेकतो. ताटातूट दोघांची, तयारी जाण्याची, वेळ पहाटेची. एकामागून एक 'ची', श्वास न घेता, आणि मग झील. मुंबईत आल्यावरही तोच 'ची'. आणि शेवटी महाराष्ट्राची. यमक बदललेलंच नाही! बायकोच्या अंगावरचे दागिने ज्या 'ची'वर मोजले त्याच 'ची'वर बेळगाव-कारवार मोजलंय. ऐकणाऱ्याचा कान घरातनं शिवेवर, शिवेवरनं मुंबईत, मुंबईतनं फाउंटनवर कधी गेला ते त्याला कळत नाही, कारण पायाखालची वाट तीच असते. सर ज्याला जोड म्हणतात ती जोड मला कधी सापडली नाही, आणि केबलमधली जोड अंधारात बोटानं शोधायचा माझा धंदा आहे.

शिवाय ती मैना गावावर का राहिली? दहा-पंधरा गडी एका खोलीत पाळीपाळीनं झोपणार, खाणावळीत जेवणार, तिथं बायकोला कुठं ठेवणार? आमच्या भागातल्या किती घरांत हेच होतं. माझी चुलत आजी लग्नानंतर नऊ वर्षं नवऱ्याला फक्त जत्रेला आणि गणपतीला भेटली. म्हणजे पहिल्या ओळीपासून राजकारणच चाललंय, आपल्याला ते घरगुती वाटतं एवढंच.

सर गप्प बसले नाहीत. त्यांनी 'कीचकवध' काढलं. खाडिलकरांचं नाटक, १९०७ चं. त्यात इंग्रजाचं नावसुद्धा नाही, नुसती महाभारतातली गोष्ट. पण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल. सरकारलाही दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सरांचं म्हणणं, "त्या वेळी थिएटर पेटत होतं. आज कर्झन कोण हे पोरांना सांगावं लागतं. संदेश शिळा झाला की हातात काय उरतं?"

हा प्रश्न खरा आहे. मला त्याचं अर्धंच उत्तर येतं. माझ्यापुरतं मी एवढं ताडून बघतो: यातलं नाव, मागणी, जो काही मुद्दा असेल तो काढला, तर गाणं जसंच्या तसं उभं राहतं का? रिक्षावरच्या गाण्यातनं आबा काढून नाना घातले, गाण्याला काही वाटलं नाही. त्याला कशाचीच गरज नव्हती. उलट काही गाणी अशी की मुद्दा काढायला गेलं की सगळी वीण हातात येते.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. डोळ्यांदेखत बघितलंय.

काही वर्षांपूर्वी एका शहरात, बंदिस्त सभागृहात, लोककलेचा कार्यक्रम होता. माइक माझे नव्हते, पण ऑपरेटर म्हणून मला नेलं होतं. एसी, लाल खुर्च्या, निवेदिका प्रत्येक कलाकाराला 'मातीतला' म्हणत होती. शाहीर चांगला होता, तयारीचा. 'माझी मैना' धरायच्या आधी आयोजकांपैकी एक जण विंगेत आला आणि त्याला म्हणाला, "ते शेवटचं राजकीय नको हं. पाहुणे सगळीकडचे आहेत. विरहाची लावणी म्हणून फार गोड आहे, तिथंच थांबा." शाहिरानं मान हलवली. पाकीट अजून मिळायचं होतं, तो काय करणार?

तो थांबला. ती हात वर करून उभी आहे तिथंच. झीलकऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोघं थांबले, तिसरा सवयीनं जी जी करत पुढं गेला, एकटाच, आणि मला त्याचा फेडर खाली ओढावा लागला. ढोलकीवाल्यानं कशीबशी तिहाई घेतली. टाळ्या झाल्या, लग्नात आहेर पुकारल्यावर होतात तेवढ्या. गाणं अर्ध्यात का तुटलं हे त्या खुर्च्यांतल्या कुणाला सांगता आलं नसतं, पण तुटलं हे सगळ्यांना जाणवलं होतं. कान 'ची'ची वाट बघत होते.

आता मी फक्त अण्णाभाऊंची आरती ओवाळतोय असं नको. त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा आप्पांना तोंडपाठ होता. मला तो लांबलेला वाटतो. महायुद्धाच्या काळातला तो पोवाडा, रशिया त्यांनी प्रत्यक्ष बघितला १९६१ साली. जोश आहे, पण मैनेच्या पहाटेला जसा दव लागतो तसा तिथं काही हाताला लागत नाही. आप्पांना हे बोललो तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्यासाठी वाळव्यातली पोरं आणि व्होल्गेवरची पोरं एकाच रांगेत उभी होती. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या मुलखात वाढलेला माणूस, त्याला तसं वाटणारच. (मॉस्कोत २०२२ साली अण्णाभाऊंचा पुतळा बसला तेव्हा आप्पा असते तर त्यांनी मला तो फोटो रोज सकाळी दाखवला असता.)

आणि कधीकधी उलटंही होतं, कलाच संदेशाला खाऊन टाकते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आप्पांच्या पथकानं दारूबंदीचा वग बसवला. सरकारी मानधन होतं, पथकात सगळ्यांना नवीन धोतरं आली. दारुड्याचं काम करणारा गडी इतका कसलेला, की स्टेजवर नुसता आला, धोतराचा सोगा सावरला आणि खांबाला "सरका की वाईच" म्हणाला तरी पब्लिक लोळायचं. उपदेश करणारा गुरुजी आला की लोक तंबाखू मळायला घ्यायचे. बायका सुरुवातीला डोळ्याला पदर लावायच्या, मग त्याही हसायला लागल्या. वग संपला आणि निम्मा गाव हसत हसत गुत्त्यावर गेला. तो दारुडा पुढं आठ गावांत फेमस झाला. पथकानं तो वग बंद केला. आप्पा म्हणाले, "खरं काम केलं त्यानं, म्हणून घोटाळा झाला." हे वाक्य मी बऱ्याचदा घोळवतो आणि अजून मला ते पुरतं कळलेलं नाही.

१ ऑगस्टला जयंतीची मिरवणूक असते. साउंड माझाच. पोरं म्हणतात, "काका, लावणी स्लो हाय, नको." बेस वाढवून सिनेमाची गाणी वाजतात, मधे एक जयघोष, परत बेस. मी वाद घालत नाही, भाडं घेतलेलं असतं. मात्र १४ एप्रिलला वस्तीत बायका वामनदादा कर्डकांची गाणी म्हणतात तेव्हा माझी मशीन बंद असली तरी चालतं. प्रचारच म्हणायचा तर तोही प्रचार. त्यातलं नाव काढून तिथं दुसरं बसवून बघा म्हणावं.

आता शेवटचं. मागच्या थंडीत निपाणीकडच्या एका खेड्यात जत्रेचा कार्यक्रम घेतला. सीमेपलीकडं, म्हणजे कर्नाटकात. गावातल्या दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, पारावरच्या गप्पा मराठीत. उघड्यावर स्टेज, जनरेटर आमचा, थंडीनं लोक गोधड्या घेऊन बसलेले. शाहीर साधाच, आवाज किंचित बसलेला. त्यानं 'माझी मैना' धरली आणि पूर्ण म्हटली. मी एक माइक स्टेजच्या कडेला लोकांकडं तोंड करून उघडा ठेवला होता. खरं तर चूक झाली होती, माइकनं शिट्टी मारायचा धोका होता, पण मारली नाही, आणि त्या चुकीमुळं रेकॉर्डिंगमध्ये लोक आले.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की लावतो. पहिल्या भागात, ती भाकरतुकडा बांधून देते तिथं, एका बाईच्या बांगड्या वाजतात, अगदी जवळ. तोंड पुसत असेल किंवा पदर घेत असेल. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, तिची असेल. कार्यक्रमानंतर ती स्टेजजवळ आली होती आणि शाहिराला म्हणाली, मालक तीस वर्षं परळला होते. एवढंच म्हणून गेली. नंतर फाउंटन येतं तिथं मागनं पोरांच्या शिट्ट्या. झीलेला लोक आपोआप आलेत, पंधरा-वीस आवाज, कुणी वर, कुणी खाली, आमच्या झीलकऱ्यांपेक्षा मोठे. मी फेडर हलवला नव्हता, तरी मीटरचा काटा तिथं लाल पट्ट्याला टेकला असणार, आवाज किंचित फाटलाय.

सरांनाही ऐकवलं. त्यांनी चहा थंड होऊ दिला. मग म्हणाले, "आवाज फाटलाय रे तुझा." मी म्हटलं, हो, फाटलाय. त्यांनी परत लावायला सांगितलं.

त्यात एक जागा आहे. मुंबईचा भाग संपत आलेला, शाहीर दम घेतोय, झील चालू. कुठलं तरी पोरगं झोपेला आलेलं, घरी जाऊ म्हणून उठलं असावं. आणि त्या उघड्या माइकवर एका बाप्याचा आवाज येतो, दबका, पण स्पष्ट:

"खाली बस की रं. अजून डांग-उंबरगाव यायचं हाय."